विमलबाईंना वाचायचं होतं

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात बसस्टँडकडून वाशीम रोडला लागलं की एक कृषी सेवा केंद्र लागतं. त्याच्यावरच्या खोलीला दोन वर्षांपासून पाटी आहे : ‘ज्योत्स्ना अंभोरे, लाइफ कोच’. पाटी लागली त्या महिन्यात जिना चढून जेवढी माणसं वर आली, त्यातली निम्मी विम्याचं विचारायला आली होती. लाइफ म्हटलं की आपल्याकडे विमाच. एका आजोबांनी तर पॉलिसीचा कागद टेबलावर पसरून वारसाचं नाव बदलून मागितलं. ज्योत्स्नाने त्यांना पाणी दिलं, खऱ्या ऑफिसचा रस्ता दाखवला आणि पेंटरला बोलावून खाली एक ओळ वाढवून घेतली : ‘तुमचं ध्येय गाठायला मदत’. मग विमावाले थांबले आणि पोलीस भरतीवाले सुरू झाले.

ज्योत्स्ना शिरपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. वडील इंद्रभान जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिपाई. पोरीला त्यांनी अकोल्याला ठेवून समाजकार्याची पदवी घेऊ दिली, तेव्हा वस्तीतले लोक म्हणाले, समाजाचं कार्य करायला कॉलेज कशाला लागतं? पुढे ती वाशीमच्या एका संस्थेत नऊ वर्षं राहिली. रिसोडपासून मंगरुळपीरपर्यंत स्कूटीवर फिरून बचत गटाच्या बायांना प्रशिक्षण द्यायची. मधल्या काळात लग्न झालं आणि मोडलंही; त्याची गोष्ट इथे नाही. मग प्रकल्प संपला. प्रकल्प संपला की संस्थेतली माणसंही संपतात. घरी बसून तिने मोबाइलवर आठ महिन्यांचा कोचिंगचा कोर्स केला. त्यात शिकवणाऱ्या पुण्याच्या मॅडमची उदाहरणं ठरलेली : एकाला वजन उतरवायचं आहे, दुसऱ्याला प्रमोशन हवं आहे, तिसऱ्याला स्टेजची भीती वाटते. मालेगावात वजन उतरवायचं कुणाला नव्हतं असं नाही, पण त्यासाठी जिना कोण चढणार?

तिच्या कामाची रीत साधी आहे. ती सल्ला देत नाही, प्रश्न विचारते. माणूस स्वतःच्याच तोंडाने वाट सांगेपर्यंत विचारत राहते. हे इंद्रभानना कधी पटलं नाही. “सांगाचे पैशे घेतले तं समजू शकतो,” ते म्हणायचे. “इचाराचे कायले घेतं?”

पण रीत अगदीच वाया जात नव्हती. पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा रूपला नावाचा पिकअपवाला तिच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडायला आला. दिवसाला अकरा पुड्या. पहिली पुडी कधी उघडता, हात तेव्हा काय करत असतो, तिथे दुसरं काय चालेल, असं विचारत विचारत तिने त्याला चारवर आणलं. चारवर मात्र रूपलाचं ध्येय आणि ज्योत्स्नाचं शास्त्र दोन्ही बैल बसावा तसं बसलं, ते काही केल्या उठेना. तिच्या वहीत असंच सगळं होतं. सुधारलेली माणसं पुष्कळ, पार पोचलेला एकही नाही. वहीत शेवटचा रकाना होता ‘पूर्ण’, आणि दोन वर्षांत तो कोराच होता. ध्येय असं लिहायचं की ते गाठलं की नाही हे तिसऱ्या माणसालाही डोळ्यांनी दिसलं पाहिजे, हा मॅडमचा नियम. तो कोरा रकाना तिच्या डोळ्यांत फार खुपायचा.

जुलैत एका रविवारी तिच्या घरी विमलबाई आल्या. चार घरं पलीकडे राहतात. वय अठ्ठावन्न, नवरा नाही, मुलगा चाकणला कंपनीत, घरी सून आणि नातू. जन्म सगळा लोकांच्या वावरात निंदण्यात गेला.

“काय म्हनता काकू?” ज्योत्स्नाने विचारलं.

“मले वाचाचं हाय.”

“काय वाचाचं हाय?”

“इहारातलं पुस्तक. पोर्निमेले समोर बसून, सगळ्याईच्या पुढं. एकच पान.”

विहारातलं पुस्तक म्हणजे वर्षावासातला ग्रंथ. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी वस्ती विहारात जमते, वंदना होते आणि मग ग्रंथाची पानं वाचून दाखवली जातात. तीन महिन्यांत ग्रंथ पुरा करायचा, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पानापासून. गेली अठरा वर्षं वाचणारे एकच, निवृत्त शिक्षक माणिकराव. विमलबाईंनी या अठरा वर्षांतली एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. अंगात ताप असला तरी भिंतीला टेकून बसत. मागच्या वर्षी वाचताना माणिकरावांच्या दोन ओळी सुटल्या, तेव्हा बायांच्या बाजूने विमलबाई बोलल्या, “गुरुजी, मंदातलं राह्यलं.” माणिकरावांनी पाहिलं, तर खरंच राहिलं होतं. ते हसून म्हणाले, “मंग उद्यापासून तुमीच वाचा, विमलबाई.” सगळं विहार हसलं. माणिकराव तसे मनाने चांगले, घरी पोचेपर्यंत ते विसरलेही. विमलबाई वर्षभर विसरल्या नाहीत.

ज्योत्स्नाने वहीत लिहिलं : ‘आश्विन पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर एक पान वाचणे.’ तारीख आहे, जागा आहे, तिसऱ्याला दिसेल असं आहे. मॅडमने शाबासकी दिली असती. मग प्रश्न सुरू झाले. रोज कधी वेळ मिळेल? भाकरी झाल्यावर. अक्षरं कोण शिकवेल? सून. अक्षर लक्षात कसं राहील? यावर विमलबाईंनी अंकलिपी बाजूला सारली. कमळ त्यांनी चित्रातच पाहिलं होतं, गलबत तर चित्रातही ओळखता येईना. मग त्यांनी वावरातल्या कामाची आपली अंकलिपी स्वतःच मांडली : ड डवऱ्याचा, व वखराचा, न निंदनाचा, ख खुरप्याचा. ऑगस्ट संपेस्तोवर मुळाक्षरं पाठ झाली. अडलं ते पुढे. काना, मात्रा, वेलांटी लागली की ओळखीचं अक्षर अनोळखी व्हायचं, आणि दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसली की विमलबाई पदर तोंडाला लावून गप्प व्हायच्या. दर रविवारी तेच. ज्योत्स्नाला घोर लागला.

आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी चमत्कार झाला. विमलबाई विहारातून ग्रंथ मागून घेऊन ओसरीत आल्या, ठरलेलं पान उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत धाडधाड वाचून काढलं. जोडाक्षरांसकट. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं चोख. ज्योत्स्नाने त्यांना मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वहीचा रकाना तिने लाल पेनाने भरला, मोबाइलवर स्टेटस ठेवला आणि माणिकरावांना जाऊन सांगितलं. दोन दिवसांत वस्तीभर झालं की यंदा पौर्णिमेला विमलबाई वाचणार. घोडं गंगेत न्हालं, असं तिला वाटलं.

विमलबाई वाचत होत्या तेव्हा इंद्रभान ओसरीतच बसले होते. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, “पोरी, तिचं बोट पायलं का तुवं?”

“काहून?”

“वाक्य सरलं तवा बोट वळीच्या मंदातच होतं. मंग एकदम खाली उतरलं. पह्यलीतले पोट्टे असंच वाचते. पुस्तक उलटं धरून देलं तरी वाचते. तेहतीस वर्सं वर्गाच्या दरवाज्यात बसलो मी. ते वाचून नाई राह्यली, म्हनून राह्यली.”

“तुमाले कोनाचं चांगलं झालेलं पाह्यवतच नाई, बाबा,” ज्योत्स्ना म्हणाली आणि कप आपटून आत गेली. बापाचं म्हणणं खरं असलं की राग जास्तच येतो.

दुसऱ्या दिवशी तिने विमलबाईंना समोरचं पान वाचायला सांगितलं. त्यांनी तेही धाडधाड वाचलं. मागचं उघडून दिलं आणि पहिला शब्द सांगितला, तेही वाचलं. अठरा वर्षांत त्यांच्या कानांनी अख्खा ग्रंथ साठवला होता. मग ज्योत्स्नाने कोपऱ्यात पडलेली सोयाबीनच्या बियाण्याची रिकामी पिशवी उचलून पुढे धरली. “काकू, हे वाचा बरं.”

विमलबाईंनी बोट ठेवलं. “सो... सो...” शेवटी त्यांनी पिशवी परत दिली. “याच्यावरचं म्या कदी आयकलंच नाई.”

“काकू, वाचाले आयकावं नाई लागत.”

“नाई लागत?” विमलबाईंना खरोखर आश्चर्य वाटलं. “मंग गुरुजी तरी काय करते? अठरा वर्सं झाले, थेच तं वाचून राह्यले. त्याईले पाठ नसन का?”

विमलबाई ज्योत्स्नाला फसवत नव्हत्या. त्यांच्या लेखी वाचणं म्हणजे हेच होतं : पानाकडे पाहायचं आणि शब्द जिभेवर यायचे. माणिकरावांचं त्यांनी तसंच होताना पाहिलं होतं. मग एके दिवशी त्यांचंही तसंच झालं, आणि त्यांना वाटलं, आलं.

“मले वाटलं आलं मले,” विमलबाई हळूच म्हणाल्या. “दोन दिवस तं मी हवेतच होती, पोरी.”

ज्योत्स्नाला स्वतःची लाज वाटली. बोट चुकत होतं हे शिपायाला दिसलं आणि कोचला दिसलं नाही, कारण कोचचं लक्ष आपल्या कोऱ्या रकान्याकडे होतं. तिने लाल पेनाने लिहिलेलं ‘पूर्ण’ खोडलं. पौर्णिमेला अठरा दिवस उरले होते आणि सगळ्या वस्तीला आमंत्रण गेलं होतं.

“आता काय करू, तूच सांग,” विमलबाई म्हणाल्या.

सांगणं सोपं होतं. पाठ आहे ते बिनधास्त म्हणा, कुणाला कळणार आहे? इंद्रभानही खाटेवरून म्हणाले, “म्हनू दे तिले. कोनाचं काय बिघडते?” पण ज्योत्स्नाने आपली रीत सोडली नाही. “काकू, तुमाले लोकाईच्या टाळ्या पायजे, का वाचता आलं पायजे?”

विमलबाई उठून उभ्या राहिल्या. “दोनी पायजे. एकच कायले? तुमाले दोनी भेटते, आमीच काहून एक निवडाचं?” आणि तरातरा निघून गेल्या. प्रश्न विचारण्याच्या शास्त्रात असल्या उत्तराची सोय नाही.

पुढे सोयाबीनची सोंगणी सुरू झाली. या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाला भेटत नाही. सूर्य उगवायला वावर आणि मावळायला घर. रविवार आला, विमलबाई आल्या नाहीत. ज्याला गरज आहे तो आपल्या पायांनी येतो, कोचने मागे लागायचं नाही, हाही मॅडमचा नियम. ज्योत्स्नाने तो आठ दिवस पाळला. नवव्या दिवशी तिने स्कूटी काढली आणि दुपारच्या सुट्टीला वावरात जाऊन पोचली.

बाया बांधावर जेवायला बसल्या होत्या. विमलबाईंचे हात वाळक्या शेंगांनी ओरखडून लाल झाले होते. ज्योत्स्नाला पाहून त्यांनी भाकरी संपवली, हात धुतले आणि फडक्यातून एक घडी काढली. तीच बियाण्याची पिशवी, कात्रीने कापलेली. जाताना त्या ती उचलून घेऊन गेल्या होत्या, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

“सो-या-बी-न,” विमलबाईंनी वाचलं. “बि-या-ने. पे-र... पे-र-नी-पू... पूर-वी. पेरणीपूर्वी.” घामाचा थेंब पिशवीवर पडला, तो त्यांनी पुसला. “आठ दिवसात येवढंच. पन याच्यात माह्या ओयखीचं काईच नाई, मून बरं हाय. पुस्तकाचं पान पायलं का शब्द आदीच तोंडात येते. डोये आंधळेच राह्यते.”

ज्योत्स्नाने विचारलं, “पोर्निमेले मंग काय वाचसान?”

“थेच इचार करून राह्यली. म्या कदी आयकलं नाई असं इहारात काय असते, सांग बरं?”

“तुमीच सांगा.”

विमलबाईंनी वावराकडे पाहिलं. बाया पुन्हा ओळीला लागत होत्या. “नावं,” त्या म्हणाल्या.

वर्षभरात वस्तीतलं जे कुणी गेलं, त्यांची नावं समाप्तीच्या दिवशी वाचतात. सगळे उभे राहतात, त्यांना पुण्य अर्पण करतात, मग खिरीचं भोजनदान होतं. नावांचा कागद माणिकराव दर वर्षी घरोघरी विचारून नवा लिहितात. त्या कागदाला पाठांतर नाही.

माणिकरावांना हे पसंत पडलं नाही. “पान वाचा ना विमलबाई, चुकलं तरी मी सावरून घीन. मेलेल्या मानसाचं नाव चुकलं तं घरच्याईच्या जिवाले लागते.”

“चुकलं तं थांबून फिरून वाचीन, गुरुजी. मेलेल्याले कायची घाई?”

मग माणिकरावांनी कागद आधी घरी न्यायला सांगितलं, तर विमलबाईंनी हात मागे घेतले. ज्योत्स्नाने हळूच सुचवलं, फोटो काढून आणते, दोन दिवस सराव करा. विमलबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुढचं बोललीच नाही. कोचने विचारायचं असतं, सांगायचं नसतं, हे विसरल्याबद्दल तिला तेवढी शिक्षा पुरे होती.

पौर्णिमेला विहार भरलं. विमलबाई पांढऱ्या लुगड्यात, सुनेने आणून दिलेला चष्मा लावून समोर बसल्या. वंदना झाली, माणिकरावांनी ग्रंथाचं शेवटचं पान वाचलं आणि कागद विमलबाईंच्या हातात दिला. सात नावं होती. सगळे उठून उभे राहिले.

“दे-व-रा-व,” विमलबाई म्हणाल्या. “देवराव सं-पत... संपत भ-गत.”

पहिल्या नावालाच मिनिट गेलं. दुसऱ्याला त्याहून जास्त. मागे पुरुषांत पाय बदलण्याची चुळबुळ सुरू झाली, कुणीतरी खाकरलं. एकाने न राहवून पुढचं अक्षर सांगितलं, तर माणिकरावांनीच त्याच्याकडे वळून डोळे वटारले. तिसरं नाव झालं, चौथं झालं. आणि भिंतीशी उभ्या ज्योत्स्नाच्या एकदम लक्षात आलं. वस्तीत कोण कोण गेलं हे विमलबाईंना माहीत नव्हतं थोडंच? सगळ्यांच्या मातीला त्या गेल्या होत्या. ‘दे’ दिसलं की देवराव, ‘ज’ दिसलं की जनार्दन. म्हणजे हेही पाठच. ग्रंथ पाठ होता तशी वस्ती पाठ होती. इतके दिवस घालवून आपण पुन्हा तिथेच येऊन पडलो, असं तिला वाटलं, आणि तिला रडू यायला लागलं.

पाचव्या नावाला विमलबाई थांबल्या. “तु,” त्या म्हणाल्या. “तु-ळ... तु-ळ-सा. तु-ळ-सा-बा-ई.” कपाळाला आठी पडली. त्या पुन्हा सुरुवातीला गेल्या, चष्मा नाकावर नीट बसवला आणि एकेक अक्षर पुन्हा तपासलं. “तुळसाबाई.” मग मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. “हे कोन हाय? आपल्यात तुळसाबाई कोनी नोती.”

बाया एकमेकींकडे पाहत होत्या. त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी मागून एक सून पुढे आली.

“माही सासू हाय, काकू,” ती म्हणाली. “मेडशीवाली.”

आमच्याकडे सून घरात येते ती माहेरच्या गावाचं नाव घेऊनच, आणि मरेस्तोवर तेच नाव चालतं. मेडशीहून आलेली ती मेडशीवाली. विमलबाई आणि मेडशीवाली एकतीस वर्षं एकाच ओळीत निंदत आल्या होत्या. एकीची भाकरी दुसरीने खाल्ली होती, एकीचं लेकरू दुसरीने पाजलं होतं, आणि फाल्गुनात मेडशीवाली गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळही विमलबाईंनीच घातली होती.

ज्योत्स्नाने डोळे पुसले. जे नाव विमलबाईंनी कधी ऐकलंच नव्हतं, ते त्यांनी कागदावरून उचललं होतं. आता बोट पाहायची गरज नव्हती.

पण विमलबाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्या कागदाकडे पाहत होत्या. त्यांनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं, या वेळी न अडखळता, मोठ्याने, हाक मारावी तसं.

“तुळसाबाई नाव होतं का तिचं?” त्या सुनेला म्हणाल्या. “एकतीस वर्सं, बाई. आन् म्या तिले एकडाव तरी नावानं हाक मारली का?”